जुने वाडे, अंधारं माजघर आणि खिशात मावणारा कॅमेरा : कोणता घ्यावा?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी.
जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात एकेक करून कमी होताहेत. कुठे भिंत खचते, कुठे धोकादायक म्हणून नोटीस लागते, कुठे भावकीचं एकमत होतं आणि बिल्डर येतो. तांबट लेन, गोरेराम गल्ली, भद्रकाली या भागात माझं माहेरचं गोत आहे, त्यामुळे बऱ्याच घरांत थेट आतपर्यंत जाता येतं. ओसरीचे खांब, महिरपी, दिंडी दरवाजे, माजघरातले कोनाडे हे सगळं पद्धतशीर टिपून ठेवायचं आहे.

फोन आहे, मधल्या किमतीचा. उजेडात छान फोटो येतात. पण माजघरात गेलं की खांबावरचं कोरीवकाम मेण फासल्यासारखं गुळगुळीत दिसतं. पानांच्या शिरा, छिन्नीच्या खुणा, सगळं गायब. मोठा डीएसएलआर मात्र नको. तो बाहेर काढला की घरातल्या आज्या पदर सावरून आत जातात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "पेपरातून आलात का?"

बजेट ४५ हजार, ताणून ५०. तीन पाहून ठेवलेत : नवा कॅनन एसएक्स७४० (झूम ४० पट), वापरलेला कॅनन जी७एक्स मार्क २ आणि वापरलेला सोनी आरएक्स१०० मार्क ३. दुकानदार म्हणतो झूमवाला घ्या. शिवाय आईला नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायचेत, त्यामुळे माझाही जीव झूममध्ये अडकलाय. काय करू?

रविवार_कारंजा
कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण आमचा वाडा अजून उभा आहे. आधी आमच्याकडे ये. देवडीपासून परसापर्यंत सगळं दाखवतो.

सातपूरचा_फिटर
ताई, स्पष्ट सांगतो. ५० हजारांत आज उत्तम फोन येतो. फोटो काढला की लगेच घरच्यांना पाठवता येतो, चार्जर एकच, सांभाळायची वस्तू एकच. छोटे कॅमेरे बंद पडत चाललेत ते उगीच नाही. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला. लोकांनी निकाल दिलाय.

जुना_फोटोवाला
फिटरसाहेब, लोकांनी निकाल दिलाय तो वाढदिवसाच्या आणि सहलीच्या फोटोंपुरता. त्याला फोन पुरतो हे मीही मान्य करतो. ताईंचं काम वेगळं आहे. अंधारात, जवळून, आणि कोरीवकामाची रेघन्‌रेघ दिसली पाहिजे.

आता बारीक सांगतो, कारण तीन कॅमेऱ्यांमधला खरा फरक इथेच आहे.

एसएक्स७४० चा सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. जी७एक्स आणि आरएक्स१०० या दोघांचा १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ (यालाच 'एक इंचाचा सेन्सर' म्हणतात). चौपट. त्यात एसएक्सची लेन्स सगळ्यात रुंद असतानाही एफ ३.३ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान, तेवढी लेन्स जास्त उघडी), बाकी दोघांची एफ १.८ पर्यंत. या उघडण्यामुळे तिप्पट-सव्वातिप्पट प्रकाश जास्त येतो. दोन्ही मिळून गुणाकार केला तर तेरा-चौदा पटींचा फरक पडतो.

माजघरात म्हणजे काय होतं? जिथे जी७एक्स १/३० सेकंदात फोटो घेईल, तिथे तेवढ्याच आयएसओवर (म्हणजे उजेड किती वाढवून घ्यायचा त्या आकड्यावर) एसएक्सला १/९ सेकंद लागेल. हात हलणार. कॅमेरा मग आयएसओ वाढवतो, दाणे येतात, ते लपवायला कॅमेऱ्यातलाच प्रोसेसर सगळं घासून गुळगुळीत करतो. ताई, तुमच्या फोनमध्ये हेच होतंय. झूम घेतला की आणखी अवघड, कारण पूर्ण झूमला एसएक्स एफ ६.९ वर जातो.

आणखी एक. एसएक्स७४० मध्ये रॉ फाइल (प्रोसेसरने न घासलेला कच्चा फोटो) मिळत नाही. बाकी दोघांत मिळते. वाड्याच्या कामासाठी मला एवढं एकच कारण पुरलं असतं.

निफाडकर
काका, सगळं बरोबर, पण झूमला एवढी नावं ठेवू नका.

नांदूरमध्यमेश्वर आमच्या घरचं. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं पाणी, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूला सकाळी आठ-नऊला लख्ख ऊन असतं, तिथे एफ ६.९ चालून जातं. वारकरी पक्षी, जांभळी पाणकोंबडी काठाजवळ येतात, त्यांचे एसएक्सवर नीट फोटो निघतात. चक्रवाक आणि फ्लेमिंगो लांब असतात, त्यांना एसएक्सचा पूर्ण झूम, ९६० मिमी सुद्धा तोकडं पडतं (मिमीचा आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ येतं). १०० मिमीवाला जी७एक्स घेऊन गेलात तर फोटोत नुसतं पाणी आणि मधे एक ठिपका.

पक्ष्यांसाठी खरा कॅमेरा निकॉन पी९००, २००० मिमीपर्यंत जातो. पण वजन ९०० ग्रॅम, खिशाचा विषय संपला. माझं मत, वाडे आणि पक्षी एका छोट्या कॅमेऱ्यात बसवायला जाऊ नका. आईंना ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) चांगली दुर्बीण घेऊन द्या. तिथे मनोऱ्यावर उभं राहून दुर्बिणीतून फ्लेमिंगो बघण्यात जो आनंद आहे तो स्क्रीनवर डोळे बारीक करण्यात नाही.

वास्तुवेडी
दुर्बिणीला जोरदार अनुमोदन.

मी वास्तुविशारद आहे, वाड्यांची मोजमापं घेण्याचं काम थोडंफार केलंय. माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न रुंदीचा. जुन्या गल्ल्यांत मागे सरकायला जागाच नसते, पाठ समोरच्या भिंतीला टेकते. दहा फुटांवरून २४ मिमीला पंधरा फूट रुंदी मावते, २८ मिमीला तेरा फुटांच्या आत. त्या दोन फुटांत दिंडी दरवाजाची एक अख्खी बाजू जाते. तुझे तिन्ही कॅमेरे २४ पासून सुरू होतात, ते चांगलं आहे. पण आरएक्स१०० ची पहिली आवृत्ती (२०१२ ची) कुणी स्वस्तात देऊ केली तर ती २८ पासून सुरू होते, हे लक्षात ठेव.

दुसरं, वर बघून फोटो काढताना कॅमेरा तिरका केला की खांब वर एकमेकांकडे झुकलेले दिसतात. कॅमेरा सरळ धर, शक्य तर समोरच्या माडीवरून काढ. स्क्रीनवर आडवी-उभी पातळी दाखवणारी रेघ चालू ठेव.

पुण्याहून_नाशिककर
वाड्यांसाठी रिको जीआर ३ चा विचार झालाय का? सेन्सर एपीएस-सी, म्हणजे जी७एक्सच्याही तिप्पट मोठा, वजन २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावतो. तपशील बघून डोळे निवतात.

वास्तुवेडी
@पुण्याहून_नाशिककर, फोटो अप्रतिम येतात, वादच नाही. पण २८ ची एकच लेन्स, झूम नाही, आतला फ्लॅशही नाही. आढ्याजवळच्या तुळईवरचं काम कसं टिपणार? आणि या बजेटात बसत नाही.

कॉलेजरोड_कट्टा
एवढा खर्च कशाला? घरातलं कपाट उघडा. २००५-०८ चे सीसीडीवाले (जुन्या पद्धतीच्या सेन्सरचे) कॅमेरे सध्या आमच्या ग्रुपमध्ये सगळे वापरतात. रंग काय येतात! फ्लॅश मारलेला फोटो तर एकदम जिवंत वाटतो. बाबांचा जुना काढला, बॅटरी चार्ज केली, चालू झाला.

जुना_फोटोवाला
@कॉलेजरोड_कट्टा, हौस म्हणून जरूर वापरा, मलाही ते रंग आवडतात. कपाटात पडून राहण्यापेक्षा तुमच्या हातात आहेत, बरंच आहे. पण दोन गोष्टी बघून घ्या. २००६ च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २ जीबीच्या वरचं कार्ड वाचता येत नाही. आणि काही ऑलिम्पस-फुजीमध्ये एक्सडी कार्ड लागतं, ते आता नवीन मिळत नाही.

ताईंच्या कामाला मात्र ते चालणार नाहीत. आयएसओ ४०० च्या वर गेलं की त्यांचा जीव जातो, आणि समोरून फ्लॅश मारला की कोरीवकाम सपाट दिसतं. नक्षी दिसायला उजेड बाजूने यायला हवा. दाराच्या फटीतून येणारी तिरीप खांबावर पडली असेल तेव्हा थांबून काढलेला एक फोटो फ्लॅशच्या पन्नास फोटोंना भारी.

सह्यवाट
थोडं अवांतर. आम्हाला त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरायचं असतं, हरिहर गडाच्या पायऱ्यांवर एक हात खोबणीत आणि एका हातात कॅमेरा. वरच्यांपैकी एकही पावसात टिकणार नाही. आम्ही ऑलिम्पस टफ टीजी-६ वापरतो. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, एका सेंटीमीटरवरून फुलाचा फोटो घेतो. सेन्सर छोटाच आहे, अंधारात जेमतेम. पण चिंब भिजून चालू राहतो, आम्हाला तेवढंच हवं.

रविवार_कारंजा
रहाडीतही चालेल म्हणायचा! रंगपंचमीला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उभं राहावं लागतं, फोटो सगळे धुरकट.

सह्यवाट
@रविवार_कारंजा, टीजी आणा, उडी मारणाऱ्यासोबत कॅमेराही रंगात. नंतर साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा आणि रंग निघेपर्यंत बटणं दाबत राहायची. झाकणाच्या रबरावर एक केससुद्धा नसेल याची आधी खात्री करायची, पाणी तिथूनच शिरतं.

कॉलेजरोड_कट्टा
रहाड म्हणजे? मी मूळचा जळगावचा.

रविवार_कारंजा
जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर वरून बंद असतो, त्यावरून लोक ये-जा करतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि मग धप्पा! पेशव्यांच्या काळापासून आहे. या रंगपंचमीला ये, शनी चौकापासून सुरुवात करू.

नाशिकरोड_अप्पा
रंगाचं झालं, आता काळजीचं. गोदाकाठची, नोटीस लागलेल्या वाड्याच्या माडीवर चढायचं नाही. पावसाळ्यात तर आतसुद्धा जायचं नाही. लाकडी तुळई बाहेरून ठणठणीत दिसते आणि भिंतीत रोवलेलं टोक कुजलेलं असतं. एकटी जाऊ नको, घरातलं कुणीतरी माहितगार बरोबर हवं. कॅमेरा कुठलाही घे.

गोदाकाठची
अप्पा, ऐकलं. पावसाळ्यात फक्त बाहेरून.

निफाडकर दादा, आईला दुर्बिणीचं सांगितलं. "मग फोटो कोण काढणार?" म्हणाली, पण डोळ्यांत चमक आली होती. दुर्बीण नक्की.

म्हणजे झूमवाला बाद. राहिले दोन. जी७एक्स मार्क २ की आरएक्स१०० मार्क ३? सेन्सर सारखा, उघडणं सारखं, मग फरक कशात?

जुना_फोटोवाला
जी७एक्स मार्क २ (२०१६) : २४ ते १०० मिमी, एफ १.८ ते २.८. स्क्रीनला हात लावून फोकस देता येतो. वजन ३१९ ग्रॅम, हाताला पकड चांगली.

आरएक्स१०० मार्क ३ (२०१४) : २४ ते ७० मिमी, एफ १.८ ते २.८. वर उचलून डोळ्याला लावायचा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, भर उन्हात चौकात उभं राहून काढताना फार उपयोगी. वजन २९० ग्रॅम. स्क्रीनला टच नाही. अंग गुळगुळीत आहे, बोटाला धरायला पकड वेगळी चिकटवून घ्यावी.

तुम्हाला आढ्याजवळचं, दारावरच्या गणेशपट्टीवरचं काम ओढून घ्यायचंय, म्हणून १०० मिमीचा फायदा मोठा. माझा कौल जी७एक्सला. उन्हात स्क्रीन दिसत नाही हा त्रास आहे, पण तुमचं निम्मं काम सावलीतलं.

दोघांचीही बॅटरी कमी. कंपनीच्या हिशेबाने जी७एक्स एका चार्जवर २६५ फोटो, सोनी ३२०. दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या.

सातपूरचा_फिटर
मी अजून फोनच्याच बाजूने आहे, पण काकांचा तेरा-चौदा पटींचा हिशोब वाचून गप्प बसलो होतो. एक विचारतो. आता तर एक इंचाच्या सेन्सरचे फोनही आलेत. मग?

जुना_फोटोवाला
रास्त प्रश्न. आहेत, आणि उत्तम आहेत. पण ते फोन या बजेटच्या बरेच वर. शिवाय मोठा सेन्सर एकाच, रुंद लेन्सला असतो. झूमच्या लेन्समागे पुन्हा छोटा सेन्सर. तुळईवरचं काम ओढायला गेलात की तुमचा मोठा सेन्सर कामाला येत नाही. जी७एक्समध्ये २४ पासून १०० पर्यंत सगळीकडे तोच मोठा सेन्सर.

सातपूरचा_फिटर
हे पटलं.

पुण्याहून_नाशिककर
वापरलेला घेताय तर सांभाळून. माझ्या मित्राने एका दुकानातून वापरलेला छोटा कॅमेरा घेतला, दिसायला कोरा करकरीत. घरी आल्यावर आकाशाच्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात करडा ठिपका. लेन्स आत-बाहेर होताना धूळ ओढली गेली होती. लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सर पुसायचा तर पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. बिल नव्हतं, दुकानदाराने हात वर केले.

जुना_फोटोवाला
म्हणूनच दुकानात उभं राहून हे करायचं. एफ ११ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, एक रुंद आणि एक पूर्ण झूमला. दोन्ही मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा, ठिपका दिसला तर परत द्या. मग कॅमेरा कानाजवळ धरून चालू-बंद करा. लेन्स एका दमात बाहेर आली पाहिजे, करकर आवाज आला किंवा मधेच अडखळली तर आत कण अडकलाय. लेन्सवरच्या पातळ पडद्या पूर्ण उघडतात का बघा. बॅटरी काढून फुगलीय का बघा. फ्लॅश उडवून बघा. बिलावरचा आणि कॅमेऱ्याखालचा नंबर जुळवा.

स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि फोटो घरी आणून कॉम्प्युटरवर बघा. दुकानाच्या झगमगाटात सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. जिना किंवा तळघर असेल तर तिथे काढू द्या म्हणावं.

वास्तुवेडी
घेतल्यावरचं एक सांगते. काळ्या दगडाचं बांधकाम, उदाहरणार्थ काळाराम मंदिर, कॅमेऱ्याला फसवतं. समोर सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो फोटो उजळ करतो आणि दगड राखाडी येतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ किंवा उणे १ वर ठेव, दगडाचा खरा रंग येईल. वाड्याच्या चौकात उलटी अडचण. चौकात ऊन, ओसरीत काळोख, एका फोटोत दोन्ही येत नाहीत. रॉ मध्ये काढ आणि उन्हाचा भाग जळणार नाही इतपत कमी एक्स्पोजर ठेव. सावली नंतर उचलता येते, पांढरं जळलेलं परत येत नाही.

आणि पांडवलेणीसारख्या ठिकाणी ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वाड्यांत मात्र छोटा ट्रायपॉड जरूर ने. खांब कुठे पळून जात नाहीत, दोन सेकंदांचा फोटो बिनधास्त काढ.

निफाडकर
पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत बंद करून ठेवू नका, काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा.

गोदाकाठची
मंडळी, घेतला. जी७एक्स मार्क २, वापरलेला, बिलासकट.

एमजी रोडला दोन दुकानांत गेले. पहिल्या ठिकाणी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढू दिला नाही, तिथूनच निघाले. दुसऱ्या दुकानदाराने स्वतःहून मागच्या अंधाऱ्या जिन्यात नेलं. तिथला लाकडी कठडा फोनवर आणि जी७एक्सवर, दोन्हींवर काढला. घरी मोठ्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवले. फोनच्या फोटोत कठडा तपकिरी पट्टी. कॅमेऱ्याच्या फोटोत लाकडाच्या रेषा, एक जुना खिळा आणि त्याच्याभोवतीचा गंजाचा डाग. बाकी काही बघायची गरजच उरली नाही. एक जास्तीची बॅटरी आणि ६४ जीबीचं कार्ड धरूनही बजेटात बसलं.

रविवार_कारंजा दादा, येत्या रविवारी सकाळी येऊ का? ऊन तुमच्या चौकात किती वाजता उतरतं?

रविवार_कारंजा
साडेनऊच्या सुमारास ओसरीच्या दुसऱ्या खांबापर्यंत येतं, साडेदहाला निघून जातं. नऊला ये. आईंनाही आण.

वास्तुवेडी
मीही येते, टेप घेऊन. प्रत्येक खांबाच्या एका फोटोत बाजूला फूटपट्टी उभी ठेवायची, म्हणजे पुढे कुणाला तो पुन्हा घडवायचा झाला तर माप मिळेल. आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आत्ताच लावून घे. फाइलच्या नावात गल्ली, घराचं नाव आणि खण (दोन खांबांमधला भाग) असं लिहायचं. हजार फोटो झाल्यावर ते करायला बसलीस तर कुठला कोनाडा कुणाच्या घरचा हे सांगता येणार नाही.

गोदाकाठची
तारीख लावली. फूटपट्टी सुताराकडची लाकडी आणते, चमकणार नाही. भेटू रविवारी नऊला.